रेडिओवर पोरीनं 'मी आलो' म्हटलेलं का चालत नाही?

आधीच सांगून टाकतो. मी बाईमाणूस आहे आणि पुढं सगळीकडं 'गेलो', 'बसलो', 'घाबरलो' असंच येणार आहे. टायपिंगची चूक नाही. कोल्हापूरकडची आहे, एवढंच.

परवा बहिणीच्या लेकीचा फोन आला. कॉलेजात ॲडमिशन झाली, कॅम्पस रेडिओला नाव दिलं, आवाजाची चाचणीपण झाली. तिथल्या मॅडम म्हणाल्या, आवाज गोड आहे गं, पण ते 'मी आलो, मी गेलो' आधी बंद कर. पोरगी मला विचारत होती, "मावशी, तुला पण असंच म्हणाले होते का?"

म्हणाले होते. तीन वर्षं म्हणत होते. त्या फोनपासून डोक्यात जे फिरालंय ते आज लिहून काढतो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी कॉलेजला २०१७ ते २०२०. गाव गारगोटीकडचं, राहायला हॉस्टेल. रेडिओत शिरलो ते काही लहानपणापासून आवड-बिवड होती म्हणून नाही. स्टुडिओला एसी होता आणि मार्च लागला की हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर बसवत नव्हतं. मानधन शून्य, परीक्षेत जादा मार्कही नाहीत. महिन्यातून एकदा रेडिओ सांभाळणारे सर स्वतःच्या खिशातनं सगळ्यांना मिसळ घालायचे, तेवढीच कमाई.

पहिल्या दिवशी सरांनी ट्रान्समीटर दाखवला. ५० वॅटचा. डोक्यावरचा पंखा यापेक्षा जास्त वीज खातो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ॲन्टेनातून जाणारी ताकद १०० वॅटच्या आत, टॉवर ३० मीटरच्या आत, असा नियमच आहे या असल्या कम्युनिटी रेडिओला. त्यामुळं आवाज जाणार फार तर दहा किलोमीटर, आणि मधी टेकडी आली की तेवढाही नाही. देशात कॉलेजांना असा रेडिओ काढायची परवानगी २००२ च्या शेवटी मिळाली, पहिलं स्टेशन २००४ मध्ये चेन्नईत अण्णा विद्यापीठात सुरू झालं, आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना, कृषी विज्ञान केंद्रांनाही मुभा झाली. त्याच्याही मागं १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हे सगळं सर फार अभिमानानं सांगायचे. आम्ही पोरं एसीखाली बसून माना हलवायचो.

माझा पहिला कार्यक्रम कुणीच ऐकला नाही. चार मिनिटं जीव ओतून बोललो आणि माइकचा फेडर, म्हणजे आवाज वर-खाली करायची सरकपट्टी, खालीच होता. शेवटी वॉचमनमामा दारात येऊन म्हणाले, "रेडिओ बंद पडला काय गं?"

दुसरा कार्यक्रम मात्र आईनं ऐकला. आता गारगोटी कोल्हापुरापासून पन्नासेक किलोमीटर, तिथं आमचा आवाज कुठला पोचायला. मग रूमवरच्या मैत्रिणीनं आईला फोन लावला आणि स्पीकरसमोर पंधरा मिनिटं धरून ठेवला. रात्री मी विचारलं, कसं वाटलं? आई म्हणाली, "ती पोरगी चांगली बोलली गं. पन तू कवा बोलणार हुतीस?"

त्या पंधरा मिनिटांत मी 'घेऊन आले आहे', 'सांगते आहे', 'निरोप घेते' असलं सगळं व्यवस्थित म्हणालो होतो. सरांनी तासभर घोटून घेतलं होतं. सरांची चूक मी म्हणणार नाही, माणूस देव होता. माइकसमोर कसं बसायचं ते त्यांनीच शिकवलं. 'प' आणि 'फ' म्हणताना तोंडातनं हवेचा झोत सुटतो, तो माइकवर आदळला की ठप्प आवाज येतो आणि मीटरची सुई लालमध्ये जाते. यावर त्यांचा उपाय म्हणजे ओठांपुढं उभी पेन्सिल धरायची आणि म्हणायचं, 'पंचगंगेच्या पुलापाशी'. झोत पेन्सिलीवर दोन बाजूला फुटतो. नंतर पेन्सिल काढायची, तोंड जरासं तिरकं ठेवायचं आणि तेच परत म्हणायचं. शंभर वेळा म्हटलं असेल. अजूनही ऑफिसात फोनवर पंचगंगा शब्द आला की माझी मान आपोआप डावीकडं वळते.

पण जोडीला दुसरी तालीमपण असायची. लॉग रजिस्टर, म्हणजे कोण कधी काय बोललं त्याची वही, त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा. माझ्या नावापुढं लाल पेनानं आठवड्यातनं तीनदा तरी तेच असायचं, 'लिंग सांभाळा'. हॉस्टेलमध्ये त्यावर काय काय विनोद झाले ते इथं लिहीत नाही.

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं, कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात, पोरी 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. आई म्हणती, आजी म्हणायची. त्यात रांगडेपणा दाखवायचा नसतो, मुलगा व्हायची हौसही नसते. बोलणं तसंच आहे. कुणी म्हणतं शेजारच्या कानडीचा वास आहे, कारण कानडीत 'मी येतो' आणि 'मी येते' असे दोन प्रकार नाहीत, बाई-पुरुष दोघांना एकच. असेल. मला त्याच्याशी काही करायचं नाही. मला खटकतं ते वेगळंच.

आमच्या टीममधला एक पोरगा, शिवाजी पेठेतला. तो माइकवर बिनधास्त म्हणायचा, "काय करालाय मंडळी? जेवालाय न्हवं?" त्याच्या शेऱ्यात काय यायचं? 'छान. लोकल टच.' शाहू स्टेडियमवरच्या मॅचबद्दल तो बोलायला लागला की सगळा स्टाफ दारात उभा राहायचा. आणि मी 'आलो' म्हणालो की लाल पेन. म्हणजे कोल्हापुरी चालती, पण पोरांची. 'नाद खुळा' रिक्षाच्या मागं चालतंय, टी-शर्टवर चालतंय, जाहिरातीत तर पळतंय. तांबड्या-पांढऱ्याबरोबर वाटीत वाढल्यासारखी आमची भाषा पाहुण्यांना वाढायची. आणि घरातल्या बाया जी रोज बोलतात ती मात्र 'अशुद्ध'.

ऐकणारे तसे थोडकेच. किती ते मोजायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं. मेसवाल्या मावशी, वॉचमनमामा आणि राजारामपुरीतले एक टेलर, जे मोबाइलला इअरफोनची वायर लावून दिवसभर मशीन मारता मारता ऐकायचे आणि उशीर झाला की फोन करून तक्रार करायचे. (वायरच ॲन्टेनाचं काम करती, वायरीशिवाय फोनवरचा एफएम लागत नाही. हेही टेलरमामांनीच मला शिकवलं, सरांनी नाही.) ह्या तीन माणसांसमोर मी 'निरोप घेते' म्हणत होतो. मेसवाल्या मावशी हसायच्या. "निरोप घेतीस आनि परत जेवायला हितंच येतीस."

बाहेरची तपासणी समिती यायची होती तेव्हाचं तर सांगायलाच नको. पंधरा दिवस स्टुडिओची रंगरंगोटी. त्या दिवशी माझा स्लॉट होता, पण माइकवर दुसरीला बसवलं, जिचं बोलणं स्वच्छ होतं. मला काम दिलं, पाहुण्यांना बिस्किटांच्या बशा नेऊन द्यायचं. बशा व्यवस्थित दिल्या मी. एकही सांडली नाही.

मग आलं २०१९ चं ऑगस्ट.

कोल्हापुरात पावसाळ्यात माणसं एकमेकाला हवापाणी विचारत नाहीत, फूट-इंच विचारतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती? ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे, धरण भरलं की आपोआप उघडतात, आणि एकेका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक पाणी येतं. हे आकडे आमच्याकडं शेंबड्या पोराला पाठ असतात. त्या वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली, टँकर पलीकडं अडकलेले, शहरात पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही, कितीतरी भागात लाइट नाही. मला गावाकडं जाता येईना. कॉलेज उंचावर म्हणून आम्ही कोरडे. जनरेटरचं डिझेल जपून वापरायचं, म्हणून सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास रेडिओ लावायचा असं ठरलं.

असल्या रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. पण प्रशासनाकडून आलेल्या सूचना वाचायच्या होत्या. कागद समोर आला. 'नदीच्या पाणी पातळीत सातत्याने वाढ होत असून नदीकाठच्या नागरिकांनी तात्काळ सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे व पशुधनाची योग्य ती दक्षता घ्यावी.' मी पेन्सिलीसारखा सरळ बसून, एकही 'प' न फोडता वाचला. दोनदा वाचला.

दहा मिनिटांनी स्टुडिओचा फोन वाजला. चिखलीच्या बाजूच्या एक आजी. आवाज तुटत होता. "बाई, तू काय वाचलीस ते मला उमगंना. दोन म्हशी हाईत माझ्या. बांधून ठिवू का सोडू, तेवढं सांग."

मला काय माहीत? मी सरांकडं बघितलं. सरांनी कंट्रोल रूमला फोन लावला, लागेना, परत लावला, आठव्या-नवव्यांदा लागला. तिकडनं उत्तर घेतलं, पाठकोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून माझ्यापुढं सरकवल्या आणि म्हणाले, "सांग."

'सांग' म्हणाले. 'वाच' म्हणाले नाहीत.

मी फेडर वर केला. जसं आठवतंय तसं लिहितो. "चिखली, आंबेवाडीकडची माणसं ऐकताय न्हवं? पाणी वाढालंय. जनावरं दाव्याला ठेवू नका. वर न्यायला जमत असंल तर आत्ताच न्या, अंधार पडायची वाट बघू नका. न्हाईच जमलं तर दावं सोडा, जनावर आपलं आपण पोहतंय. म्हातारी माणसं आनि बारकी पोरं आधी. भांडीकुंडी ऱ्हाऊ देत. मी अर्ध्या तासानं परत येतो."

येतो. तोंडातनं गेल्यावर माझ्याच लक्षात आलं. सरांकडं बघितलं तर ते दुसरा फोन लावत होते.

त्या आजीचं पुढं काय झालं मला कळलं नाही. परत फोन आला नाही. ज्या नंबरवरनं आला होता तो नंतर लागला नाही. असलं मनात राहतं.

आठ दिवस मी तसंच बोललो. कागद आला की आधी वाचायचा, मग बाजूला ठेवून सांगायचा. टेलरमामांचा मेसेज आला होता, "आज पहिल्यांदा कळालं तू आमच्याकडचीच हाईस." पाणी उतरलं, चिखल काढून झाला, कॉलेज सुरू झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात 'मान्यवरांचे मनोगत' परत सुरू. माझंही 'घेऊन आले आहे' परत सुरू. मीपण भांडलो नाही. कशाला खोटं बोलू?

आता दुसरी बाजूपण मला कळती. सर म्हणायचे, उद्या मुलाखतीला जाशील, तिथं तुला हसतील. खरं आहे. आज ज्या ऑफिसात आहे तिथं घोटून घेतलेल्या बोलण्याचा फायदाच झाला. परीक्षेचं वेळापत्रक, शिष्यवृत्तीची माहिती प्रमाण मराठीत सांगा की, कोण नको म्हणतंय? पोरींना दोन्ही यायला पाहिजे. पण ज्या रेडिओच्या नियमातच लिहिलंय की निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक माणसांच्या सहभागानं झाले पाहिजेत, तिथं 'स्थानिक' म्हणजे नेमकं काय मोजता तुम्ही? मिनिटं? दहा किलोमीटरच्या आत ज्याचा आवाज संपतो, तो कुणासाठी बोलतो? मुंबई-पुण्याला तर तो ऐकूच जात नाही. तिथल्यासारखं बोलून दाखवायचं कुणाला?

म्हणून भाचीला मी सांगितलं, मॅडमशी भांडू नकोस, पण एक स्लॉट मागून घे. संध्याकाळचा अर्धा तास. त्यात तू आईशी बोलतीस तसं बोल. मॅडम नाही म्हणाल्या तर मला सांग, मी येतो भेटायला. ती म्हणाली, "नको मावशी, तू आलीस तर मला काढूनच टाकतील."

त्या आठ दिवसांचं रेकॉर्डिंग आता नाही. नियमाप्रमाणं तीन महिने ठेवायचं असतं, नंतर हार्डडिस्क रिकामी करतात. पण कॉलेज सोडताना मी रजिस्टरच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले होते, ते काल शोधून काढले. तारीख, वेळ, निवेदकाचं नाव, काय सांगितलं, सगळं माझ्याच गिचमिड अक्षरात. ऑगस्टची पानं ओलीनं फुगलेली, शाई पसरलेली. जुलैच्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात लाल शाई आहे, सप्टेंबरच्या पानावर परत आहे. मधल्या त्या आठ दिवसांत रकाना कोरा आहे. सरांची सही तेवढी रोज आहे.