जुना फोटो दिसला की वाद संपला? नाही हो

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की पुस्तकात लेखक काहीही लिहील पण जुना फोटो खोटं बोलत नाही, तेव्हा फोटोशॉप नव्हतं, समोर होतं तेच उमटलं, म्हणून फोटो हाच पक्का पुरावा. मला जुने फोटो तासन् तास बघत बसायला आवडतं, म्हणूनच हे वाचून राहवलं नाही.

फोटोशॉप नव्हतं, मान्य. पण कात्री होती, ब्रश होता, निगेटिव्ह जोडायची कला होती. ऑस्कर रेजलँडर या फोटोग्राफरने १८५७ मध्येच तीसेक निगेटिव्ह जोडून एक चित्र बनवलं. एका फोटोत सोव्हिएत हुकूमशहा स्टालिनच्या शेजारी कालव्याकाठी दिसणारा त्याचा गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह १९४० मध्ये मारला गेला आणि नंतर फोटोतूनही गेला, त्याच्या जागी नुसतं कालव्याचं पाणी.

समोर होतं ते सगळं उमटलं हेही खरं नाही. फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीचा फ्रेंच फोटोग्राफर दगेर, त्याचा १८३८ चा पॅरिसमधला फोटो बघा, भर दिवसा अख्खा रस्ता रिकामा! वर्दळ होतीच, पण एक्सपोजर, म्हणजे प्रकाश आत घ्यायचा वेळ, काही मिनिटांचं, त्यामुळे हलणारं काहीच टिकलं नाही. खाली डावीकडे एकजण बूट पॉलिशला पाय देऊन उभा होता, तो तेवढा राहिला.

आता सगळ्यात जास्त फिरणारा, लखनौच्या सिकंदरबागेचा. पडकी इमारत, पुढे हाडं पसरलेली, चार माणसं, एक घोडा, आणि खाली लिहिलेलं असतं की ही १८५७ ची लढाई संपल्यावरची अवस्था. अहो, लढाई झाली नोव्हेंबर १८५७ मध्ये आणि हा फोटो काढणारा फेलिचे बेआतो लखनौला पोचला १८५८ च्या मार्चमध्ये! हाडं फोटोसाठी मांडली असावीत असं बरेच अभ्यासक मानतात. कत्तल खरीच झाली होती, पण हा फोटो त्या दिवसाचा साक्षीदार नाही, तो नंतर ती लढाई कशी दाखवायची होती याचा पुरावा आहे, आणि तोही अस्सलच.

मग फोटो निकामी का? मुळीच नाही, नीट बघितलं तर फोटोच चूक पकडून देतो. अमेरिकेतला कुख्यात गुंड बिली द किड डावखुरा होता असं लोक वर्षानुवर्षं मानत होते, कारण फोटोत पिस्तूल डाव्या कमरेला. पण हातातली विंचेस्टर रायफल बघा, तिच्यात गोळ्या भरायचं तोंड उजव्या बाजूला असतं, फोटोत ते डावीकडे दिसतं. हा फोटो टिनटाइप, म्हणजे थेट पत्र्यावर उमटवलेला, आणि त्यात प्रतिमा आरशासारखी उलटी येते, पिस्तूल उजवीकडेच होतं.