उणे सव्वा बार

फोंड्याहून फर्मागुडीकडे जाणाऱ्या चढावर, भर पावसात, मी गाडीचे बॉनेट उघडून उभा होतो, कारण ऑइल प्रेशरचा काटा एकाएकी शून्यावर जाऊन बसला होता. या जुन्या दोन दारी गाडीला टर्बो चढवल्यापासून आमच्या घरी आईचा रक्तदाब महिन्यातून एकदा मोजला जातो आणि गाडीच्या तेलाचा दाब सेकंदाला शंभर वेळा.

तेवढ्यात बसथांब्याच्या आडोशातून एक काका छत्री आणि नीरफणसाची पिशवी सांभाळत आले.

"किती देते?"

"आठ."

"आठ!" हा उद्गार त्यांनी शेजारी कोणी वारल्याच्या सुरात काढला. मग तीस वर्षे आपण बस कशी चालवली आणि तिच्यातला एकमेव काटाही कसा बंद होता, हे सविस्तर सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "तांबडा दिवा पेटला का?"

तो दिवा म्हणजे एक साधा स्विच असून दाब जवळजवळ नाहीसा झाल्यावरच तो पेटतो, त्यात अचूकता नसते, म्हणूनच हा सेन्सर बसवला, असे मी त्यांना शक्य तितक्या शांतपणे समजावले.

"चावी फिरवल्यावर पेटतो?"

"पेटतो."

"इंजिन सुरू झाले की विझतो?"

"विझतो."

"दाब गेला की पुन्हा पेटणार?"

"हो."

"तुझा दाब गेला?"

"गेला."

"आणि पेटला नाही?"

मी निमूटपणे सेन्सरचा कनेक्टर ओढला, तर त्यातली पिन निम्मीच बसलेली होती. दोन रविवार खर्चून ती मीच बसवली होती. सेन्सर विकणाऱ्याने पैसे मोजून घेतले, पण पिना मात्र सुट्या पुडीत दिल्या, त्या दाबायच्या पकडीबद्दल अवाक्षर न काढता. हा राग अजून गेलेला नाही. असा सेन्सर शून्य दाबाला अर्धा व्होल्ट आणि दहा बार (बार हे दाबाचे माप) दाबाला साडेचार व्होल्ट देतो, तो याचसाठी, की तार तुटून व्होल्टेज शून्य झाले तर आकडा शून्याखाली जावा आणि चूक उघडी पडावी. लॅपटॉपने इमानेइतबारे उणे १.२५ बार लिहूनही ठेवले होते. काट्याला मात्र शून्याखाली जागाच नव्हती, आणि मी पाहत होतो काट्याकडे.

काका म्हार्दोळपर्यंत येतो म्हणाले, आणि ओली छत्री लॅपटॉपवर ठेवून बसले.

"या सगळ्याला खर्च किती आला?"

मी निम्मा आकडा सांगितला.

"आणि त्या दिव्याला?"

"तो गाडीबरोबरच आला होता."