कमी मागितलं म्हणून एवढा छळ?

तीन आठवडे झाले. रोज रात्री फोन हातात घेऊन फ्रेमचे कोन आणि ॲक्सलची (चाकाच्या आसाची) मापं बघतोय, आणि रोज डोकं तापवून झोपतोय. मला एक सायकल हवीय. गिअर एकच. ब्रेक एक, फार तर दोन. पुढे चाक धरणारा, धक्क्याला १०० मिमीच दबणारा कडक फोर्क, मागे सस्पेन्शन नाही, सीट बुटकी, चाकं २६ इंची. मातीच्या ढिगांवरून उड्या मारायच्या, आणि पावसाने ढीग भिजले की पायऱ्या, कठडे, उतार यांच्यावर मस्ती करायची. संपली मागणी. सायकलीतून काढून टाकता येईल ते सगळं काढलेलं हवंय, आणि जो भेटतो तो मला काहीतरी जास्तीचं चिकटवायला बघतोय.

पहिला घोळ ‘हार्डटेल’ या शब्दाचाच. ‘हार्डटेल हवीय’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा खुलतो आणि तो २९ इंची चाकांची, लांबलचक, डझनभर गिअरची सायकल पुढे करतो. अरे बाबा, हार्डटेल म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, एवढंच. डोंगर चढणाराही हार्डटेल चालवतो आणि हवेत हँडल गरकन फिरवणाराही. दोघांच्या सायकलीत मागचं सस्पेन्शन नसणं सोडलं तर फारसं काही सारखं नसतं.

आणि ते फोटो! जाहिरातीत पोरगा डोक्याच्या वर उंच हवेत, मागे सूर्य मावळतोय, धूळ उडतेय. मग मी सायकलीबरोबरची पुस्तिका उघडतो. सायकल कशासाठी बनवलीय हे सांगायला एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ२०४३ नावाचं एक मानक आहे, त्यात १ ते ५ असे वर्ग. दुसऱ्या वर्गात १५ सेंटिमीटरपर्यंतची उडी चालते, म्हणजे फुटपाथवरून उतरलात की संपलं. तिसऱ्यात ६१, चौथ्यात १२२. डर्ट जंपवाल्याला, म्हणजे माझ्यासारख्या मातीच्या ढिगांवरून उडणाऱ्याला, लागतो पाचवा. आणि फोटोत पोराला आभाळात पाठवलेली ती सायकल निघते तिसऱ्या वर्गातली! खाली बारीक अक्षरात ‘उड्या व कसरतींसाठी वापरू नये, वॉरंटी लागू राहणार नाही’. मग फोटोत तो काय करतोय, पत्र टाकायला चाललाय?

हे नुसतं कागदी भांडण नाही. उडी बरोबर जमली आणि उतारावर अलगद उतरलात तर कुठलीही सायकल दहा वेळा सहन करेल. पण शिकताना आपण कमी पडतो आणि मधल्या सपाटीवर धाडकन आपटतो. तो दणका जातो खालची नळी हँडलखालच्या उभ्या नळीला मिळते त्या सांध्यावर. क्रॉस कंट्रीची, म्हणजे डोंगरवाटांवर लांब पल्ला मारायची फ्रेम वजन वाचवायला पातळ केलेली असते, ती असल्या दणक्यांसाठी नसतेच. आधी रंगाला केसाएवढी रेघ दिसते. ती ओरखडा आहे असं समजून पुढे चालवत राहिलात तर एक दिवस हँडल हातात आणि तुम्ही जमिनीवर.

मग येतो ‘जास्त म्हणजे भारी’ पंथ. ‘१०० मिमीच? अहो, १५० मिमीचा घ्या, धक्के बसणार नाहीत.’ मला धक्के टाळायचे नाहीयेत! उडीच्या टोकावर मी सायकल खाली दाबतो ती वर उसळावी म्हणून. मऊ, लांब फोर्क तो जोर गिळून बसतो आणि मी पलीकडे पोचायच्या ऐवजी मध्येच उतरतो. म्हणून या फोर्कमध्ये हवा एवढी ठासतात की हाताने दाबला तर जेमतेम हलतो. शिवाय फोर्क २० मिमीने लांब केला की फोर्कचा जमिनीशी असलेला कोन साधारण एका अंशाने झोपतो. ६८-६९ अंशांवर चपळ असलेली फ्रेम ६६ वर नेऊन ठेवली की तिला वळवायला विनवण्या कराव्या लागतात.

मागचं चाक पेडलच्या किती जवळ आहे, हे तर कुणी विचारतच नाही. डर्ट जंपच्या फ्रेममध्ये हे अंतर असतं ३८५ मिमीच्या आसपास, ट्रेलवाल्या, म्हणजे डोंगरवाटांच्या २९ इंचीत ४३० च्या पुढे. कागदावर अडीच-तीन बोटांचा फरक. मित्राच्या तसल्या २९ इंचीवर पुढचं चाक उचलून मागच्यावर तोल धरायला गेलो, तर वाटलं शाळेचा बाक एका टोकाने उचलतोय. दुसऱ्या दिवशी कंबर बोलायला लागली.

सीटवरूनही भांडण. ‘एवढी खाली? बसून पेडल मारताना गुडघे हनुवटीला लागतील.’ बसायचंच नाहीये! सीट आहे ती हवेत गुडघ्यांनी पकडायला. यावर समोरचा माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर मी घरीही ओळखतो. फ्रेमचं मापही तो माझ्या उंचीवरून सीटच्या नळीत काढतो. इथे ती नळी सगळ्यांचीच आखूड. बघायचं असतं ते उभं राहिल्यावर हँडल किती पुढे येतं. त्यामुळे या फ्रेम दोनच मापांत येतात, आखूड आणि लांब, कधी कधी तर एकाच.

‘मग बीएमएक्स घे ना!’ हा सल्ला हमखास. म्हणजे ती छोट्या चाकांची कसरतीची सायकल. खरं सांगू? नुसतं स्ट्रीट, म्हणजे पायऱ्या-कठड्यांवरची मस्ती करायची असेल तर सल्ला बरोबर आहे, २० इंची चाकाला तोड नाही. पण मला खडबडीत मातीवरून वेग घेऊन मोठ्या उड्याही मारायच्यात, आणि माझी मनगटं आता सोळा वर्षांची राहिलेली नाहीत.

बरं, घडवणारे नाहीत असं नाही. एनएस, डार्टमूर, डीएमआर वर्षानुवर्षं अशा फ्रेम काढतायत, ४१३० क्रोमोली या स्टीलमध्येही आणि ॲल्युमिनियममध्येही. (स्टील की ॲल्युमिनियम या वादात मी पडत नाही, चांगला जोडलेला सांधा दोन्हीत टिकतो.) म्हणून ठरवलं, फ्रेम घ्यायची आणि एकेक भाग जमवायचा. इथेच माझं चुकलं.

२०१३-१४ च्या सुमारास २७.५ इंची चाक आलं आणि २६ इंचीला सगळ्यांनी जिवंतपणीच खांदा दिला. आता २६ चं चांगलं चाक शोधायचं, आणि मग ॲक्सलचा नरक. पुढचा जुना जाड ॲक्सल २० मिमीचा, हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) रुंदी ११० मिमी. नवा, ‘बूस्ट’ नावाचा, १५ मिमीचा, रुंदी पुन्हा ११० मिमी! आकडा तोच, पण याचं चाक त्यात बसत नाही, डिस्कची जागाही सरकलेली. मागच्या हबची रुंदी १३५, १४२, नाहीतर १४८. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो तो भाग, आट्यांचा, ३७ मिमीचा ‘स्पॅनिश’, नाहीतर ४१.२ मिमीचा ‘मिड’. त्यात एका गिअरच्या सायकलीला चेन ताणायला चाक मागे सरकावं लागतं. सरकायला जागा नसलेली फ्रेम घेतली की चेन ताणणारा लोंबता पुर्जा लावा. म्हणजे डिरेलर, तो गिअर बदलणारा लोंबता पुर्जा, काढला कशासाठी? कठड्यावर आपटून तुटू नये म्हणून. आणि त्याच जागी पुन्हा एक काहीतरी लटकवायचं!

शेवटी जुनी फ्रेम मिळाली. क्रोमोली, मागे सरकणारं चाक, अंतर ३८५. नाचलो. मग फोर्क मिळाला, १०० मिमीचा, हवेचा, कोरा करकरीत. खोका फोडला, फ्रेमजवळ नेला, आणि कपाळावर हात मारला. फ्रेमची मान, म्हणजे हँडलखालची नळी, वरून खालपर्यंत सरळ, सव्वा इंचाहूनही बारीक दांड्याची. फोर्कचा दांडा खाली दीड इंच जाड. आत जाणारच नाही. ज्याने विकला त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘हल्ली सगळे असेच येतात.’

आता फ्रेम भिंतीला टांगलीय, फोर्क पलंगाखाली, आणि मी सरळ दांड्याचा फोर्क शोधतोय. काल आतेभावाचा मेसेज आला: ‘दादा, तुझ्यासाठी हार्डटेल बघितली, एक नंबर! २१ गिअर आहेत, आणि स्टँड फुकट देतायत.’