'फुकटचा भात' आणि आबालाल मास्तर : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखाखाली 'मंगळवार पेठेतला एक' या नावानं आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचलेली दिसते, कारण लेखापेक्षा जास्त अंगठे तिलाच पडलेत. ज्यांनी लेख न वाचता नुसती प्रतिक्रिया वाचली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेख अमेरिकेतल्या सॅराटोगा स्प्रिंग्ज गावच्या यॅडो या इस्टेटीवर होता. चारशे एकर जागा, त्यात जुनी हवेली, आणि लेखक, चित्रकार, संगीतकार यांनी काही आठवडे तिथं राहून आपलं काम करावं अशी सोय, जिला 'रेसिडेन्सी' म्हणतात. शेवटी मी एवढंच म्हटलं होतं की आपल्या भागात कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड अशा जहागिऱ्या होत्या, त्यांच्या आसपास कुलूप पडलेला एखादा जुना वाडा असा वापरता येईल का, ते बघावं.

त्यावर आलेली प्रतिक्रिया अशी:

"काका, जरा उन्हात या. गोऱ्या सावकाराचे चोचले कोल्हापूरला शिकवू नका. आबालाल मास्तर काय कुणाच्या वाड्यात फुकटचा भात खाऊन चित्रं काढत होते? बाबूराव पेंटरांनी कॅमेरा वाड्यात लोळून बनवला नाही. चित्रकाराला खोली नको, गिऱ्हाईक पाहिजे. निवड कोण करणार, छपराचा खर्च कोण देणार, घरची बाई महिनाभर येणार का, यातलं काही लेखात नाही. फोटो मात्र लई गोड. आणि नाट्यगृह जळालं तेव्हा तुमची लेखणी कुठं होती?"

साहेब, 'काका' म्हणायला माझी हरकत नाही, केस पांढरे झालेत. पण ओळख ना पाळख, स्वतःचं नाव सांगायचं नाही, आणि पहिल्याच ओळीत 'उन्हात या'? मुद्दा मांडायला आलात की कट्ट्यावरच्या पोरांना हसवायला? हाच प्रश्न 'लेखात खर्चाचा हिशेब दिसला नाही, सांगाल का?' असा विचारला असता तर मी रात्रीतून चार पानं लिहून दिली असती.

आणि उन्हाचंच म्हणाल तर माझे वडील बोर्ड पेंटर होते. लक्ष्मीपुरीतल्या, शाहूपुरीतल्या दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवल्या. मे महिन्यात शिडीवर उभं राहून पत्र्याच्या बोर्डावर अक्षर काढताना पत्रा असा तापतो की मनगट टेकवता येत नाही. खाली शिडी धरून मी उभा असायचो. ते ऊन मला तुमच्याकडून शिकायचं नाही. पुढं फ्लेक्स आले आणि वडिलांचं काम एका पावसाळ्यात निम्म्यावर आलं, तेही मी घरात बसून पाहिलेलं नाही. तेव्हा मी एसीत बसून लिहितो असा जो काही समज असेल तो काढून टाका. माझ्याकडं एसी नाही.

एक गोष्ट मान्य करतो. फोटो गोडच होता. पानगळीच्या दिवसांतली बाग, मागं हवेली. गळकं छप्पर दाखवणारा फोटो मला मिळाला नाही, मिळाला असता तर तोही टाकला असता. यॅडोचा मालक स्पेन्सर ट्रास्क हा पैसेवालाच होता, हेही खरं. एडिसनच्या विजेच्या धंद्यात त्यानं पैसा घातला होता. सावकार म्हणा, माझं काही म्हणणं नाही.

आता त्या एका वाक्याकडं येतो. ते वाचल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. "आबालाल मास्तर काय कुणाच्या वाड्यात फुकटचा भात खाऊन चित्रं काढत होते?"

अहो, दरबाराचाच भात खात होते! आबालाल रहिमान मुंबईला जे. जे. त शिकले, कोल्हापूरला परतले आणि शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले. कोटितीर्थ तळ्याच्या काठावर फकिरासारखे राहायचे. तिथलं पाणी, झाडं, सकाळ-संध्याकाळचा उजेड बघत बसायचे आणि रंगवायचे. त्यांनी आपलं चित्र काखोटीला मारून महाद्वार रोडला गिऱ्हाईक शोधत फिरावं अशी वेळ महाराजांनी येऊ दिली नाही. तुम्हाला 'रेसिडेन्सी' म्हटलं की अमेरिका आठवते. मला कोटितीर्थ आठवतं.

आणि याच्या पुढचं तुम्ही सोयीनं विसरलात, कारण ते आठवलं असतं तर ती प्रतिक्रिया लिहिताच आली नसती. १९२२ च्या मे महिन्यात महाराज गेले. आधार तुटल्यावर मास्तरांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मास्तर १९३१ मध्ये गेले. आज आपण टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन त्यांची जी उरलीसुरली चित्रं बघतो आणि 'वा' म्हणतो, ती त्या पाण्यातून वाचलेली.

गंमत बघा. १९२२ च्याच जानेवारीत तिकडं कॅटरिना ट्रास्क वारली. नवरा स्पेन्सर १९०९ मध्ये रेल्वेच्या अपघातात आधीच गेला होता. या दोघांची चारही मुलं लहानपणीच गेली होती. पहिलं घर १८९१ मध्ये जळालं, तर त्यांनी तिथंच दुसरं बांधलं, तीच आजची हवेली. वारस कुणी नाही, तेव्हा या जागेचं पुढं काय, तर इथं कलावंतांनी यावं, राहावं, असं त्यांनी १९०० मध्येच कागदावर करून ठेवलं होतं. तुम्ही म्हणता तसे ते चोचले असते तर निदान करणाऱ्यांनी ते भोगले असते. पहिले पाहुणे आले १९२६ मध्ये. तोवर दोघंही हयात नव्हते.

म्हणजे एकाच वर्षी इथं एक आश्रयदाता गेला आणि तिथं एक गेली. इथं चित्रं तळ्यात गेली, तिथं चार वर्षांनी दारं उघडली. शाहू महाराजांचं मन ट्रास्क बाईपेक्षा लहान होतं का? मुळीच नाही, उलट शंभर पटीनं मोठं होतं. फरक कागदाचा आहे. मास्तरांचा आधार एका माणसाच्या जिवाला बांधलेला होता. यॅडोचा आधार ट्रस्टला बांधलेला होता, आणि ट्रस्टला हार्ट अटॅक येत नाही. माझ्या सबंध लेखात सांगायचं होतं ते एवढंच. तुम्ही ते वाचलं नाही, भाताशी अडलात.

बरं, भाताचंही होऊन जाऊ दे. यॅडोत राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, हे खरं. सकाळी न्याहारीच्या वेळीच दुपारचा डबा हातात देतात आणि सकाळी ९ ते दुपारी ४ कुणी कुणाच्या खोलीचं दार वाजवायचं नाही, अशी तिथली जुनी रीत. संध्याकाळी सगळे एका टेबलावर जेवतात. याला तुम्ही 'फुकटचा भात' म्हणालात. मग १९०१ मध्ये सुरू झालेल्या मराठा बोर्डिंगला काय म्हणाल? त्यामागून जैनांचं, मुस्लिमांचं, लिंगायतांचं बोर्डिंग झालं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. खेड्यातल्या पोरांची राहायची, जेवायची सोय झाली म्हणून ती पोरं शिकली. त्या पोरांना कुणी फुकटे म्हणून दाखवा या गावात, दसरा चौकातून धड घरी जाणार नाही. निम्मं कोल्हापूर ज्या सोयीवर शिकलं तीच सोय चित्रकाराला म्हटली की लगेच तुमच्या कपाळाला आठ्या!

पैलवानांचं तर बोलायलाच नको. तालमीतल्या पोराला बदाम, दूध, तूप, थंडाई लागते, आणि ती त्यानं स्वतः कमवून आणावी असं आपल्याकडं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. दरबारानं पैलवान पोसले, खासबागेचं मैदान बांधलं, आणि आजही गावोगाव वर्गणी काढून पोराच्या खुराकाची सोय करतात. का, तर तो दिवसभर मेहनत करतो आणि हमाली करून मेहनत होत नाही. चित्रकाराचीही मेहनतच असते. फक्त ती करताना तो खुर्चीत बसून भिंतीकडं बघताना दिसतो, त्याला मी काय करू?

तुम्ही कधी तीन फुटी कॅनव्हास दहा बाय दहाच्या खोलीत वाळत ठेवलाय? मी ठेवलाय. ऑइलचा रंग पावसाळ्यात आठवडा आठवडा ओला राहतो. आमच्या घरात एकच मोठी खोली, तिच्यातच स्वयंपाक, तिच्यातच झोपणं. कॅनव्हास खाटेवर भिंतीला टेकवला की आई रात्रभर अंग चोरून झोपायची, आणि सकाळी तिच्या पदराला आभाळाचा निळा लागलेला असायचा. टर्पेंटाइनच्या वासानं धाकटी बहीण खोकायची. मग मी मोठी कामं बंद केली आणि पोस्टकार्डाएवढ्या जलरंगांवर आलो. लोक म्हणतात, तुमची छोटी लँडस्केप काय नाजूक असतात हो. नाजूकपणाबिणा काही नाही त्यात, जागा नव्हती. 'चित्रकाराला खोली नको' हे वाक्य ज्याला खोली आहे तोच लिहू शकतो.

गिऱ्हाईक पाहिजे, कोण नाही म्हणतंय? पण गिऱ्हाइकाचाही अनुभव ऐका. एका व्यापाऱ्यानं माझ्याकडून आपल्या स्वर्गवासी वडिलांचं पोर्ट्रेट करून घेतलं. फोटो त्यानंच दिलेला. काम झाल्यावर म्हणाला, मिशी बारीक झाली. मिशी वाढवली. मग म्हणाला, आता वडील रागीट दिसतात. पैसे आजतागायत दिले नाहीत आणि चित्र मात्र दुकानात हार घालून लावलंय. असली गिऱ्हाइकं करून पोट भरत असेल, पण त्यात स्वतःचं चित्र काढायला माणूस उरतो का?

बाबूराव पेंटरांबद्दल दोनच शब्द. सिनेमाचा कॅमेरा त्यांनी स्वतःच्या हातानं, लेथवर खपून उभा केला, त्याबद्दल माझ्याइतका आदर तुम्हाला नसेल. पण महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी करायला पैसा तानीबाई कागलकरांनी दिला होता. तानीबाई कोण, तर अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. आणि खाँसाहेब कोण, तर दरबारचे गवई. हा धागा मागं मागं ओढत नेलात तर कुठल्या वाड्यापाशी जाऊन थांबतो ते तुमचं तुम्हीच बघा.

राहिले बाकीचे प्रश्न. ते अंगठे देणाऱ्यांना फार आवडलेले दिसतात, म्हणून उरकतो.

निवड कोण करणार? समिती करेल. समितीत भांडणं होतील. यॅडोतही झाली. १९४९ मध्ये तिथल्या संचालिका कम्युनिस्टांना आसरा देतात असा संशय घेऊन तिथल्याच काही पाहुण्यांनी त्यांना काढायची मागणी केली, मोठं रामायण झालं. बाई राहिल्या, जागा राहिली. भांडणाच्या भीतीनं काही करायचंच नसेल तर आपल्याकडं गणेश मंडळंसुद्धा निघाली नसती.

घरची बाई महिनाभर येणार का? १९४८ मध्ये फ्लॅनरी ओ'कॉनर आणि पॅट्रिशिया हायस्मिथ या लेखिका यॅडोत राहून लिहीत होत्या. आपल्याकडच्या बायका येतील की नाही, ते आपल्याकडच्या बायका सांगतील. त्यांच्या वतीनं तुम्ही काळजी करू नका.

नाट्यगृह जळालं तेव्हा माझी लेखणी कुठं होती? केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री मी बाहेर रस्त्यावर गर्दीत उभा होतो, आणि दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती आहे हे आठवून माझ्यासारखे बरेच जण गप्प होते. मोबाईल वर धरून व्हिडिओ काढणारेही पुष्कळ होते, त्यांत तुम्ही असाल तर असाल. मी काही लिहिलं नाही, कारण प्रत्येक दुःखावर पोस्ट टाकलीच पाहिजे असं मला वाटत नाही. पण विषय काढलाच आहात तर, ते नाट्यगृह १९१५ मध्ये महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलं होतं. दरबारानं बांधलेली इमारत शंभर वर्षं गावाच्या कलाकारांना पुरली. हा दाखला माझ्या बाजूचा आहे, तुमच्या नाही.

छपराचा खर्च. त्याचं असं आहे की एका वाड्याच्या मालकांशी माझं बोलणं चालू आहे. वाडा कुठला ते सांगणार नाही, कारण सांगितलं की दुसऱ्या दिवशी तुमच्यासारखे चारजण तिथं जाऊन 'काका फसवतायत' म्हणून मालकाचे कान भरतील. कौलं किती लागतील, वासे किती बदलावे लागतील, हे बघायला पावसाळा संपल्यावर सुतार घेऊन जाणार आहे. आकडे आले की लिहीन. तोवर 'खर्च, खर्च' करू नका.

प्रतिक्रियांचा रकाना उघडाच ठेवतोय. नावानिशी लिहिलंत तर उत्तरही नावानिशी मिळेल. आईवडिलांवरून लिहिलेल्या दोन प्रतिक्रिया मागच्या लेखाखालून काढून टाकल्यात, त्या तुमच्या होत्या असं माझं म्हणणं नाही. वेळ मात्र तुमच्या प्रतिक्रियेच्या आसपासचीच होती.