घाबरलाय तो

परवा रेल्वेच्या डब्यात मी किंचाळलो. 'आई गं!' अशी, भर दुपारी, टोकाच्या बाकापर्यंत पोचेल अशी किंकाळी. शेजारच्या मावशींनी माझा खांदा थोपटला आणि वळलेल्या माना शांत केल्या, "काही नाही, सिनेमा बघतोय. घाबरलाय तो." माझं वय ४२ आहे.

सिनेमा म्हणजे 'सॉ' या इंग्रजी भयपट मालिकेतला दहावा भाग. ही मालिका किती टुकार आहे यावर मी कुठेही तासभर बोलू शकतो. २००४ पासून सलग सात वर्षं दर ऑक्टोबरला एक. सातवा 'शेवटचा' म्हणून खपवला, त्यानंतर आणखी तीन! लोकांना जीवघेण्या सापळ्यांत अडकवणारा खलनायक जिगसॉ म्हातारा तिसऱ्यात मेला, चौथ्यात त्याचं शवविच्छेदनही झालं. म्हणून दहाव्याची गोष्ट पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या फटीत कोंबली. गोष्टीत मध्ये गेलेत काही आठवडे, जिगसॉ झालेल्या टोबिन बेलच्या चेहऱ्यावर १९ वर्षं. आणि तरी मी मिटक्या मारत बघत होतो, हे कुणाला कळू नये म्हणून तर फोन मांडीवर पालथ्या हाताआड धरला होता.

मावशींनी वाकून पाहिलं. मग न विचारता एक इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला.

"हा आजारी आहे का?"

"कॅन्सर आहे. तिसऱ्या भागात मरतो."

"मग हा दहावा कसा?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी आजवर दुसऱ्यांवर टाकत आलो होतो.

तेवढ्यात पडद्यावरची बाई तारेच्या करवतीने स्वतःचा पाय कापू लागली आणि मी वर सांगितलेला आवाज काढला. मावशी मात्र उजळल्या. "अरे, गिगली! आमच्या थिएटरमध्ये होती की." त्यांचं थिएटर म्हणजे ऑपरेशन थिएटर; जन्मभर सिस्टर होत्या. "पण एवढं रक्त गेल्यावर ही शुद्धीवर कशी? जरा मागे घे बघू."

मी मागे घेतलं. दोनदा. दोन्ही वेळा डोळे मिटून.

मधे मी खुलासा केला, की ही सगळी टोळी भामट्यांची आहे, कॅन्सर बरा करतो सांगून खोटं ऑपरेशन करणाऱ्यांची. मावशींचा आवाज एकदम बदलला. "असे असतात रे. लोक घर विकून जातात अशांकडे, आणि शेवटी आमच्याकडे येतात." थोडं थांबून म्हणाल्या, "एकच पाय?"

हेच तर मला कुणाला सांगता येत नव्हतं! नऊ भागांत जमलं नाही ते इथे जमलंय, आपण चक्क म्हाताऱ्याच्या बाजूचे होतो. पण बोलायच्या आत त्यांचं स्टेशन आलं. इअरफोन माझ्या तळहातावर ठेवून, समोरच्या गृहस्थांना "जरा लक्ष ठेवा याच्याकडे" असं बजावून त्या उतरल्या.

श्रेयनामावलीच्या मधोमध हॉफमन अवतरला. हा कोण, कुठल्या भागातला, हे सांगायला मी उत्साहाने शेजारी वळलो. मावशींच्या जागेवर ते समोरचे गृहस्थ येऊन बसले होते.

"पाणी हवंय का?" त्यांनी विचारलं.