एक सेंड, एक रिसीव्ह, बाकी रामभरोसे

सॉकेट प्रोग्रामिंग, म्हणजे नेटवर्कवरून दोन प्रोग्रामना एकमेकांशी बोलायला लावणं, करताय ना, मग आधी हे डोक्यात फिट करा की तिकडून एकदा सेंड केलं की इकडे एकाच रिसीव्हमधे अख्खा मेसेज अलगद हातात पडणार. 1981 सालच्या आरएफसी 793 या नियमपत्रापासून टीसीपी, म्हणजे हा डेटा पोचवणारा प्रोटोकॉल, सांगतंय की बाबांनो मी नुसती बाइट्सची धार आहे, तुमचा मेसेज कुठे सुरू होतो न कुठे संपतो याच्याशी मला देणंघेणं नाही, पण आपण कशाला मनावर घ्यायचं. बफर, म्हणजे आलेला डेटा ठेवायची जागा, 1024 बाइट्सचाच घ्या. का ते विचारू नका.

आणि त्या बफरमधे सलग देवनागरी ओता, मग बघा गंमत. यूटीएफ-8 या अक्षरांचे बाइट्स करायच्या पद्धतीमधे आपलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा 3 बाइट्स खातं, 1024 ला काही 3 ने भाग जात नाही, म्हणजे 341 चिन्हं धड आणि 342 व्याचा एकच बाइट. तुकडा आला की लगेच डिकोड करायचा, थांबायचं नाही, स्क्रीनवर चौकटीतली प्रश्नचिन्हं उमटली की युजरच्या फॉन्टवर ढकलून मोकळं व्हायचं.

टेस्टिंग फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच मशीनवर हं, लिनक्सवर तिथला एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल मर्यादा, 65536 बाइट्स असतो त्यामुळे सगळं कसं गुण्यागोविंदाने चालतं. बाहेर इथरनेटवर एका सेगमेंटात, म्हणजे टीसीपीच्या एका तुकड्यात, जेमतेम 1460 बाइट्स मावतात, मोठा मेसेज तुकड्यातुकड्यांनी येतो आणि छोटे दोन एकमेकांना चिकटून येतात, जेसन पार्सर, म्हणजे मेसेज उलगडून वाचणारा कोड, बिचारा }{ बघून कपाळाला हात लावतो. यावर रामबाण म्हणजे दोन सेंडच्या मधे स्लीप, म्हणजे प्रोग्रामला जरा थांबवणं. माझ्या एका कोडमधे तीन स्लीप होते, चौथा टाकला त्या दिवशी मला वाटलं की झालो आपण सीनियर.

काही शहाणे म्हणतात आधी चार बाइट्समधे लांबी पाठवा आणि तेवढे बाइट्स भरेपर्यंत लूपमधे वाचा. एवढ्या दहा ओळी कोण लिहिणार! लिहिल्याच तर लांबीला कमाल मर्यादा अजिबात घालू नका, म्हणजे कुणाचा ब्राउझर चुकून तुमच्या पोर्टवर आला की त्याच्या विनंतीच्या सुरुवातीच्या 'GET' या शब्दाची तीन अक्षरं न एक स्पेस हीच लांबी धरून सर्व्हर 1195725856 बाइट्सची मेमरी मागेल.

रिसीव्हने शून्य दिलं म्हणजे समोरचा कनेक्शन बंद करून गेला, असं मॅन पेज, म्हणजे लिनक्सची मदतपुस्तिका, म्हणतं. आपण आशा सोडायची नाही, रिकामा मेसेज समजून पुन्हा वाचायचं, पुन्हा शून्य, पुन्हा वाचायचं, सीपीयू 100 टक्के झाला न पंखा घोंघावायला लागला की समजा सर्व्हर जोरात चाललाय.