‘चालणे पुरेसे असताना धावायचे कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर मी धावायला लागलो त्याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर लिहायला मुद्दामच चार दिवस घेतले, कारण पहिल्याच दिवशी लिहिले असते तर ते उत्तर कमी आणि बचाव जास्त झाला असता. आपले म्हणणे थोडक्यात असे, की हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने पन्नाशीत धावणे ही नसती उठाठेव आहे; चालणे पुरेसे असताना माझ्यासारखे लोक हौसेपोटी धावतात आणि वर लेख लिहून इतरांना भरीस पाडतात; लोकांना धावायला लावणारा अमेरिकी जिम फिक्स, त्याच्यासारखा माणूस धावतानाच गेला, त्यावरून आम्ही काहीच शिकत नाही; शिवाय गुडघे निकामी होतात ते वेगळेच. यापाठोपाठ आपण आपल्या थोरल्या भावाविषयी लिहिले आहे. असाच कुणाचा तरी अनुभव वाचून त्यांनी धावायला सुरुवात केली आणि तिसऱ्या आठवड्यात ते रस्त्यात कोसळले. ते बचावले हे वाचून हायसे वाटले, आणि आपल्या शब्दांना धार कुठून आली तेही कळले.

माझी चूक आधी कबूल करतो. झटका आला तो दिवस मी लेखात सविस्तर रंगवला आणि लगेच पुढच्या परिच्छेदात पाच किलोमीटर न थांबता धावल्याचा आनंद सांगितला. मधल्या अकरा महिन्यांच्या वाट्याला एकच वाक्य आले होते, ‘हळूहळू सराव वाढवत नेला.’ वाचायला ते ठीक वाटते. पण आपल्या भावासारखा वाचक नेमका तेवढ्याच वाक्यावरून उडी मारून पुढे जातो, आणि तशी उडी मारायची सोय मीच करून ठेवली होती. म्हणून ते अकरा महिने आता इथे लिहितो.

रुग्णालयातून घरी आलो तेव्हा हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, होता, टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यातले जेवढे रक्त दर ठोक्याला बाहेर फेकले जाते ते प्रमाण, ४५ टक्के लिहिलेले होते (निरोगी माणसाचे ते साधारण ५५ ते ७० टक्क्यांच्या घरात असते) आणि हातात पाच गोळ्यांची यादी होती. रक्तपुरवठा तुटल्यामुळे हृदयाच्या स्नायूचा जो भाग मरतो, त्या जागी घट्ट व्रण धरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढा काळ मी फक्त चाललो, आधी घरातल्या घरात पाच मिनिटे आणि मग बाहेर दहा, पंधरा, वीस अशी. त्यानंतर स्ट्रेस टेस्ट झाली, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाला श्रम किती झेपतात ते पाहणारी तपासणी. छातीवरचे केस काढून इलेक्ट्रोड चिकटवले होते, दंडाला रक्तदाबाचा पट्टा होता, आणि पायांखालच्या पट्ट्याचा वेग व चढ हे दोन्ही दर तीन मिनिटांनी वाढत होते. यंत्रावर बसलेली मुलगी दर टप्प्याला एकच विचारत होती, ‘छातीत काही होतंय का?’ आठव्या मिनिटाला मी थांबवायला सांगितले ते पाय भरून आले म्हणून. छातीने हाक दिली नव्हती आणि आलेखातही काही वावगे नव्हते. माझ्या दृष्टीने त्या तपासणीचे सार एवढेच होते, की हृदयाच्या आधी पाय थकले.

तरीही पुढचे चार महिने चालण्यातच गेले. पहिल्यांदा धावलो ते सहाव्या महिन्यात, रस्त्यावरच्या दोन विजेच्या खांबांमध्ये जेवढे अंतर असते तेवढे. मग पाच मिनिटे चालणे, पुन्हा दोन खांब, असे सहा वेळा. नाडी मोजून वेग ठरवायचा म्हटले तर तेही जमणारे नव्हते, कारण बीटा-ब्लॉकरची गोळी घेणाऱ्याची नाडी औषधानेच दाबलेली असते आणि २२० मधून वय वजा करण्याचे सर्वत्र सांगितले जाणारे सूत्र त्याला लागू पडत नाही. म्हणून डॉक्टरांनी साधी खूण दिली, की धावताना एक पूर्ण वाक्य न तोडता बोलता आले पाहिजे. ते आले नाही की चालायला लागायचे. पहिले कित्येक आठवडे मी रस्त्याने स्वतःशीच पाढे म्हणत होतो. बघणाऱ्यांना काय वाटले असेल ते वाटो.

हा संथपणा निव्वळ भित्रेपणा नव्हता. हृदयविकाराचा झटका आलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. जोरकस श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याची शक्यता एरवीपेक्षा किती पटींनी वाढते, हे त्यात तपासले होते. आठवड्यातून एकदाही असे श्रम न करणाऱ्यांत ती शंभराहून अधिक पटींनी वाढलेली आढळली, तर आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा करणाऱ्यांत ती वाढ अडीच पटींच्याही आत होती. कोणत्याही एका तासातला मूळ धोका फार लहान असल्यामुळे हे शंभर पट ऐकायला वाटते तेवढे भयंकर नाही; पण ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याचा मूळ धोकाच मोठा असतो. आपल्या भावाच्या बाबतीत काय घडले हे त्यांचे अहवाल न पाहता मी सांगणे आगाऊपणाचे होईल. मात्र वर्षानुवर्षे न हललेले शरीर तीन आठवड्यांत पळवणे यात धोका आहे, असे आपण म्हणत असाल तर त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. आपण तेवढ्यावर थांबला नाहीत, आणि तिथून पुढे माझा मतभेद सुरू होतो.

जिम फिक्सचेच पाहा. अमेरिकेत सामान्य माणसांना धावायला लावण्यात त्याचा मोठा हात होता, आणि २० जुलै १९८४ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी, धावायला गेला असताना तो हृदयविकाराने गेला, हे खरे. पण त्याच्या वडिलांना पहिला झटका पस्तिशीत आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते त्याच विकाराने वारले. स्वतः फिक्स पस्तिशीपर्यंत लठ्ठ होता आणि भरपूर सिगारेटी ओढत असे. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणात बंद झालेल्या आढळल्या. घराण्यात एवढा ठळक इशारा असणाऱ्याने रक्तवाहिन्यांची तपासणी न करता केवळ धावण्याच्या भरवशावर राहू नये, हा त्यातून मी घेतलेला धडा. आपण घेतलेला धडा, म्हणजे धावूच नये, हा त्या मृत्यूतून निघत नाही. वडील तर न धावताच त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असताना गेले होते.

उलट बाजूचा पुरावाही मी ओढूनताणून वापरणार नाही. अमेरिकेतल्या मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन शर्यतींचा २००० ते २०१० या काळातला आढावा सांगतो, की सुमारे एक कोटी नऊ लाख सहभागींमध्ये हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना घडल्या. धावण्याचे समर्थक हा आकडा फार आवडीने पुढे करतात. पण त्या कोटभरांत माझ्यासारखे स्टेंटवाले कितीसे असणार? त्या आकड्याचा आडोसा घेण्याचा अधिकार मला नाही.

‘चालणे पुरेसे आहे’ हे आपले म्हणणे बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटांचा जोरकस व्यायाम असे दोन्ही पर्याय दिले आहेत. भराभर चालणे पहिल्यात बसते. मग मी धावतो का? झटक्यानंतर मला माझ्याच छातीतल्या ठोक्यांची भीती बसली होती. जिना चढून ठोके वाढले की मी पायरीवर बसून घेई. रात्री कूस बदलताना ठोका ऐकू आला की दिवा लावी. चालताना ठोके तेवढे वाढत नसत, त्यामुळे ती भीती चालण्याने जागची हलली नाही. दोन खांबांच्या त्या धावेत ठोके वाढत, पुढच्या पाच मिनिटांत उतरत, आणि काही होत नसे. असे शेकडो वेळा झाल्यावर वाढलेला ठोका आणि झटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोक्याने नाही तर अंगाने मानले. हे कारण सर्वस्वी माझे आहे आणि ज्याला ही भीती नाही त्याने चालण्यावर समाधानी राहावे.

लेखात आणखी एक उणीव राहिली होती, ती आपल्या नजरेतून सुटली. धावायला लागल्यापासून कोलेस्टेरॉल उतरले असे मी लिहिले होते. ते प्रामुख्याने रोज रात्रीच्या स्टॅटिनच्या गोळीमुळे उतरले आहे. धावण्याने माझी एकही गोळी बंद झालेली नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक मनानेच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, हे वाचणाऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे. या गोळ्यांची दुसरी बाजूही अनुभवली आहे: एकदा ठेच लागून पडलो, तर साध्या खरचटण्याचे रक्त वीस मिनिटे दाबून धरल्यावर थांबले आणि मांडीवरचा निळा डाग महिनाभर राहिला. छातीत दुखले तर जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला तुकडा आजही कमरेच्या पट्ट्यात असतो. त्याचा कोपरा धावताना टोचतो, आणि तो टोचत नाहीसे वाटले की मी थांबून चाचपतो.

गुडघ्यांविषयी फार लिहीत नाही. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा खुब्याच्या व गुडघ्याच्या सांध्यांची झीज हौशी धावणाऱ्यांत साडेतीन टक्के, न धावणाऱ्यांत सुमारे दहा टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत तेरा टक्क्यांहून अधिक आढळली. यातही मेख आहे, कारण ज्याचे गुडघे दुखतात तो आपणहूनच धावणे सोडतो. मला त्रास झाला तो टाचेमागच्या कंडरेचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीचा. दम वाढतो तेवढ्या वेगाने कंडरा तयार होत नाहीत.

‘घरच्यांचा तरी विचार केला का?’ असे आपण शेवटी विचारले आहे. पत्नीला माझे धावणे आजही पसंत नाही. तिच्या अटीवरून मी लांबचा रस्ता सोडला असून घराभोवतीच्याच साडेसातशे मीटरच्या फेऱ्या मारतो, म्हणजे साधारण सहा मिनिटांनी मी एकदा खिडकीसमोरून जातो. लेखात मी मोठ्या थाटात जाहीर केलेली अर्धमॅरेथॉन घरात अजून मंजूर झालेली नाही, आणि नोंदणीही मी केलेली नाही.